ब्राम्सची चौथी सिंफनी

योहानेस ब्राम्स (१८३३–१८९७) या जर्मन संगीतकाराची चौथी आणि शेवटची सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. स्वर ई मायनर (ई हा आधारस्वर; मायनर म्हणजे कोमल गंधाराची, मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची स्वरपंक्ती), रचनाक्रमांक ९८. ऑस्ट्रियातील म्यूर्त्सत्सुशलाग या डोंगराळ गावी १८८४ व १८८५ च्या उन्हाळ्यात ती लिहिली गेली. इथल्या चेरी पिकून गोड होत नाहीत आणि माझ्या रचनेलाही इथल्या हवेची चव लागली असेल, अशी धास्ती ब्राम्सने संगीतसंचालक हान्स फोन ब्यूलोला कळवली होती. ब्यूलोच्याच हाताखाली तयार झालेल्या जर्मनीतील मायनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदाने २५ ऑक्टोबर १८८५ रोजी तिचा पहिला प्रयोग केला. संचालन स्वतः ब्राम्सने केले.

त्याआधी मित्रमंडळींपुढे ती दोन पियानोंवर वाजवून झाली होती. ब्राम्सचा खंदा पाठीराखा समीक्षक हान्सलिक तेव्हा पाने उलटत होता. पहिला भाग संपल्यावर तो म्हणाला, दोन भयंकर हुशार माणसांनी आपल्याला धरून बदडल्यासारखे वाटले. विरोधी, म्हणजे वाग्नरच्या गोटातल्या संगीतकार-समीक्षक ह्यूगो वोल्फने तर कल्पनेविना रचना करण्याची ही कला आहे, असा टोमणा मारला. या शेऱ्यांत तथ्य एवढेच, की ही सिंफनी पहिल्याच श्रवणात हाती लागत नाही.

चार भागांची ही सिंफनी सुमारे चाळीस मिनिटे चालते. पहिला भाग कसलीही प्रस्तावना न करता सुरू होतो. व्हायोलिनवर दोन-दोन स्वरांच्या जोड्या येतात, प्रत्येक जोडीनंतर किंचित विराम. ईला षड्ज मानले तर हे स्वर प ग, सा ध, म रे, नी प असे लागतात. गंधार आणि धैवत कोमल. बारकाईने पाहिले तर ही तिसऱ्या-तिसऱ्या स्वरावर उतरत जाणारी एकच साखळी आहे. ऐकताना मात्र हिशेब जाणवत नाही, उसासा जाणवतो. पुढे हीच सुरावट परतते तेव्हा सुरुवातीचे स्वर लांबवून, अगदी हळू आवाजात येतात आणि परतीची चाहूल उशिराने लागते.

दुसऱ्या भागाच्या आरंभी हॉर्नवर येणाऱ्या सुरावटीत कोमल रिषभ लागतो, त्यामुळे आपल्या कानांना भैरवी थाट जाणवतो. तिसरा भाग सी मेजरमधला, दणदणीत आणि खेळकर. ट्रँगल हे त्रिकोणी धातूचे तालवाद्य फक्त याच भागात वाजते. हा भाग सर्वांत शेवटी लिहिला गेला. समीक्षक माक्स काल्बेकने तो काढून टाकावा असे सुचवले होते. ब्राम्सने ऐकले नाही हे बरेच झाले, कारण त्या गडगडाटानंतरच चौथ्या भागाचा करारीपणा पुरता पोचतो.

या सिंफनीचे खरे मर्म चौथ्या भागात आहे. तो पासाकाल्या या जुन्या बारोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) प्रकारात, म्हणजे एकच छोटी सुरावट सतत फिरवत तिच्यावर नवनवी रूपे रचत बांधलेला असून त्याचा पाया बाखच्या १५० क्रमांकाच्या कँटाटातून (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेतून) घेतला आहे. प्रत्येकी तीन मात्रांच्या आठ मापांत सा रे ग म म प प सा एवढेच स्वर. गंधार कोमल, दुसरा मध्यम तीव्र. हा तीव्र मध्यम ब्राम्सने घातलेला. पहिले तीन भाग गप्प बसलेले ट्राँबोन (खर्जातली पितळी वाद्ये) इथे प्रथमच तोंड उघडतात. या आठ मापांवर तीस रूपे उभी राहतात. तबल्याच्या एकलवादनातला लहरा जसा अखंड फिरतो तसेच हे; फरक इतकाच, की इथे लहराच कधी खर्जात जातो, कधी वर येतो, तर कधी बाकीच्या सुरांत दडतो. बाराव्या रूपात मात्रा लांबतात आणि एकटी बासरी अडखळत, थांबत गाते. मग ई मेजरमध्ये ट्राँबोनचे प्रार्थनेसारखे गंभीर सूर येतात. सोळाव्या रूपात मूळ सुरावट पुन्हा कोसळते आणि मिळालेला दिलासा तिथेच संपतो. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीपासून मायनरमधून मेजरकडे, विजयाकडे जाण्याचा पायंडा पडला होता. ब्राम्सनेही पहिल्या सिंफनीत तो पाळला. ही सिंफनी मात्र मायनरमध्येच, कसलीही सवलत न देता संपते.

७ मार्च १८९७ रोजी व्हिएन्नात हान्स रिश्टरच्या संचालनाखाली ती झाली तेव्हा आजारी ब्राम्स सभागृहात होता आणि प्रत्येक भागानंतर त्याच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. महिन्याभरातच, ३ एप्रिलला तो वारला. हयातीत जुन्या वळणाचा ठरवला गेलेल्या ब्राम्सला पुढे विसाव्या शतकातल्या नव्या संगीताचा प्रणेता आर्नोल्ड शोनबर्गने आपल्या निबंधात पुरोगामी ठरवले. चौथ्या भागाच्या अखेरीस पहिल्या भागातली ती उतरती साखळी कशी परत येते, हे त्याने पुराव्यादाखल दाखवले आहे.