पाठीवरचे जांभळे गोल

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्स पोहायला उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यांवर जांभळे गोल उमटलेले होते. ते वळ कपिंगचे, म्हणजे दुखऱ्या भागावर कप लावून कातडी ओढून धरण्याच्या उपचाराचे होते. चिनी भाषेत या उपचाराला 'पा-क्वान' म्हणतात, म्हणजे भांडं लावून ओढणं.

पूर्वी भांड्याऐवजी जनावराचं शिंग असे. हुनान प्रांतातल्या मावांगत्वी इथे 1973 मध्ये इ.स.पू. 168 मधली एक कबर उघडली, तिच्यात रेशमावर लिहिलेला वैद्यकीय मजकूर निघाला. मूळव्याधीवर छोटं शिंग लावा आणि दोन मापं तांदूळ शिजेपर्यंत राहू द्या, असं त्यात सांगितलंय. घड्याळ नव्हतं, पण भात शिजायला किती वेळ लागतो हे घराघरात माहीत होतं! आपल्याकडची तुंबडी याच जातीची. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग आणि पोकळ भोपळा दोन्ही सांगितले आहेत.

आता काचेचे कप वापरतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून पेटवायचा, कपात क्षणभर फिरवून बाहेर काढायचा आणि कप लगेच पाठीवर टेकवायचा. कातडी घुमटासारखी वर फुगते. ज्योतीने ऑक्सिजन संपवला म्हणून हे होतं, असं बरेच जण समजतात. मुख्य कारण वेगळं आहे. तापलेली हवा पसरते, थोडी बाहेर निघून जाते; उरलेली थंड झाली की आतला दाब उतरतो. बाहेरच्या हवेचा दाब शरीरावर तसाच असतो, म्हणून कातडी कपात ढकलली जाते. लहानपणी पेला तोंडाला लावून हवा ओढल्यावर हनुवटीभोवती उमटणारा लाल गोल आठवा. तिथेही हेच घडतं.

या ताणाने कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त झिरपतं. डाग जितका काळपट तितकं तिथलं रक्त आधीपासूनच अडून साचलेलं, असं चिनी वैद्यक मानतं. मला हे पटत नाही. डागाचा रंग कप किती जोराने आणि किती वेळ लावला, वाहिन्या किती नाजूक आहेत यावर ठरतो. पुढे हिमोग्लोबिन मोडून हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन बनतं. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे करणारं द्रव्य तेच. कुठेही धडपडून काळंनिळं झालं तरी रंग याच क्रमाने बदलतात. 'विषारी द्रव्यं बाहेर पडतात' हा दावाही टिकत नाही. या प्रकारात कातडीला चीर दिलेलीच नसते, मग बाहेर येणार काय?

दुखणं मात्र अनेकांचं खरोखर हलकं होतं, ते खोटं म्हणता येत नाही. अडचण ते तपासण्याची आहे. कप लागलाय की नाही हे रुग्णापासून लपवणार कसं? जर्मनीतल्या संशोधकांनी कपाला बारीक भोक पाडून ओढ जवळजवळ नाहीशी केली. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराच्या, 141 रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत, 2016 मध्ये, खरे कप नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडे सरस ठरले, पण भोकाच्या कपांपेक्षा नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कप लावून घेऊ नका. ज्योत नीट सांभाळली नाही तर कातडी भाजते, आणि ते व्रण जांभळ्या गोलांसारखे आठवड्याभरात जात नाहीत.