ठासणीची फौजी रायफल : माशी आणि बार

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, नळीत पिळाचे आटे असलेली फौजी बंदूक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थानातील फौजांच्या हाती ती होती. आज तिच्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृती नेमबाजीत वापरतात. अशा प्रतिकृतीची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा), मागची खाच आणि बार (एका वेळी भरायची दारू व गोळी) यांचा मेळ कसा घालतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे. पूर्व विदर्भातल्या वाचकाला यातले अर्धे आधीच माहीत असते, कारण ठासणीची बंदूक त्याने ‘भरमार’ या नावाने पाहिलेली असते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात धानाच्या बांधीवर नाहीतर तुरीच्या वावरात रात्रीची जागल असते. रानडुकरे आणि रोही पीक तुडवून जातात, म्हणून मचाणावर शेकोटी, डबा आणि जिथे परवाना आहे तिथे भरमार. ही बंदूक आतून गुळगुळीत असते. तिच्यात बहुधा छर्रे भरतात, आणि तिचे खरे काम आवाज करणे हेच. मागची खाच बहुतेक वेळा नसतेच. टोकाला माशी असली तर असते. तीस-चाळीस पावलांवर छर्ऱ्यांसाठी तेवढे पुरते. जुन्या जागल्यांची एक सवय मात्र रायफलवाल्यांनीही उचलावी अशी आहे. गजावर दोन खुणा असतात: एक रिकाम्या नळीची, दुसरी बार भरलेल्या नळीची. अंधारात गज आत सोडला, बोट खुणेवर टेकले, की बंदूक भरलेली आहे की नाही ते डोळे न लावता कळते. ही चूक किती सहज होते, याचा पुरावा अमेरिकी यादवी युद्धात आहे. 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या 27 हजारांहून अधिक बंदुकांपैकी सुमारे 24 हजार भरलेल्याच होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांत बारावर बार ठासलेला होता.

पुष्कळ प्रतिकृती निघाल्या त्या ब्रिटिशांच्या 1853 च्या एनफिल्ड रायफलीच्या. हिच्या नळीचा व्यास .577 इंच (सुमारे 14.7 मिलिमीटर), लांबी 39 इंच, आत तीन आटे आणि पीळ 78 इंचांत एक फेरा. फौजी बार 68 ग्रेन दारूचा आणि गोळी 530 ग्रेनची. ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ब्रिटिश अमदानीतला तोळा 180 ग्रेनचाच होता. म्हणजे मासा 15 ग्रेनचा. तेव्हा दारू साडेचार मासे आणि गोळी तीन तोळ्यांना जरा कमी, असे सोनाराच्या काट्यावरही सांगता येते. अमेरिकेची 1861 ची स्प्रिंगफील्ड हिची बहीणच म्हणावी. व्यास .58 इंच, दारू 60 ग्रेन, म्हणजे बरोबर चार मासे. दोन्हींची गोळी शिशाची, लांबट आणि बुडाशी पोकळ. बार पेटला की धुराच्या दाबाने ते बूड फुगते आणि आट्यांत घट्ट बसते. म्हणून गोळी नळीत सहज उतरते आणि बाहेर पडताना मात्र पीळ घेऊन पडते. फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिनिए या अधिकाऱ्याने 1849 मध्ये ही युक्ती पुढे आणली, त्यामुळे अशा गोळीला आजही मिनिए गोळी म्हणतात.

हीच एनफिल्ड 1857 च्या काडतुसांच्या चरबीमुळे आपल्या इतिहासात आली. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी 1858 मध्ये तिचा वेगळा नमुना निघाला: नळी आतून खरवडून आटे घालवलेली आणि लांब पल्ल्याची नेमाची शिडी काढून त्या जागी साधी खाच बसवलेली. शिपायाच्या हाती बंदूक राहू दिली, नेम मात्र काढून घेतला. आटे गेले की लांबचा नेम निरर्थक होतो, हे ते करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

एनफिल्डची शिडी म्हणजे मागच्या खाचेचे उघडमीट होणारे पान. पान आडवे असताना त्याच्या पायऱ्यांवर 100 ते 400 यार्ड, आणि उभे केले की सरकती पट्टी वर नेत 900 यार्डांपर्यंत. एवढी उंची लागायची कारण गोळी संथ. सेकंदाला सुमारे 275 मीटर वेगाने निघालेली ही जड गोळी 100 मीटरवर नेम जुळवलेला असेल तर 200 मीटरवर दीड मीटर किंवा त्याहूनही खाली लागते. शंभरचे दोनशे झाले की माणसाच्या छातीऐवजी पायापुढची माती उडायची. म्हणून अंतर ओळखणे हे त्या काळी नेम धरण्याइतकेच शिकवायचे काम होते.

पण शिडीवर कोरलेला प्रत्येक आकडा त्या 68 ग्रेनच्या बारासाठी, त्या गोळीसाठी आणि त्या नळीसाठी खरा आहे. दारू कमी केली, गोळी हलकी घेतली, नळी आखूड घेतली, की आकडे तसेच राहतात आणि गोळी भलतीकडे जाते. नवशिके नेमबाज इथेच उलट्या बाजूने सुरुवात करतात: आधी माशी घासतात, मग बार बदलतात, आणि मग नव्या बाराशी घासलेली माशी जुळेना म्हणून बंदुकीला नावे ठेवतात. आधी बार ठरवावा, माशीला कानस त्यानंतर लावावी.

बार ठरवताना पहिली गोष्ट दारूची जात. या बंदुकीत काळी दारूच चालते. धूररहित आधुनिक दारू तिच्यात घातली तर नळी फुटते, आणि याला अपवाद नाही. दारूचे दाणे जाडबारीक असतात; .577 सारख्या मोठ्या नळीला एफएफजी हा मध्यम दाणा नेहमीचा, त्याहून बारीक एफएफएफजी पिस्तुलांसाठी. दुसरी गोष्ट गोळीचा घेर: नळीच्या आतल्या व्यासापेक्षा केसभर, म्हणजे इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतका कमी. प्रतिकृतींच्या नळ्या एकसारख्या नसतात, म्हणून पुस्तकातला व्यास न घेता आपली नळी मोजूनच साचा घेतात. तिसरी गोष्ट शिसे. ते मऊच हवे, नाहीतर बूड फुगत नाही. नखाने ओरखडा उठला तर शिसे चालण्याजोगे. जुन्या बॅटरीतले शिसे स्वस्त मिळते, पण त्यात बहुधा अँटिमनीची भेसळ असते आणि ते वितळवताना निघणारा धूर विषारी असतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रमाण. फौजी बार हा लढाईतल्या लांब पल्ल्यासाठी होता. 50 किंवा 100 मीटरवरच्या कागदासाठी तो जास्त होतो. बुडाची पातळ कड जास्त दाबाने वाकडी फुगते आणि गोळ्या विखुरतात. म्हणून बहुतेक नेमबाज 40 ग्रेनपासून सुरू करतात आणि पाच-पाच ग्रेनने चढत जातात. प्रत्येक पायरीला पाच गोळ्या, एकाच नेमाने, मध्ये नळी एकाच पद्धतीने पुसून. ज्या बाराला पाचही भोके एका मुठीत बसतात तो आपला बार, मग ती मूठ कागदावर कुठेही पडलेली असो. दारू नेहमी मापाने घेतात आणि ते माप त्याच बंदुकीसाठी ठेवतात. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब एका जागी साचतो आणि नळी फुगू शकते. बार पेटवणारी तांब्याची टोपी फौजी मापाची, कडेला पाकळ्या असलेली मोठी. पिस्तुलाची लहान टोपी रायफलीच्या कानावर (टोपी चढवायच्या बोंडीवर) बसतच नाही.

बार ठरला की माशी. मूळ धाटणीच्या प्रतिकृतींत सर्वांत खालची पायरी 100 यार्डांची असते, त्यामुळे 50 मीटरवर गोळी वर लागते. खाच त्याहून खाली नेता येत नाही. म्हणून माशी उंच करतात: जुनी काढून उंच माशी बसवतात आणि मग ती घासत खाली आणतात. माशी उंच झाली की गोळी खाली येते, घासली की वर जाते. किती घासायचे याचा हिशेब सोपा आहे. माशी आणि खाच यांच्यातले अंतर गुणिले गोळीची चूक, भागिले लक्ष्याचे अंतर. समजा माशी आणि खाच यांच्यात 800 मिलिमीटर आहेत आणि 50 मीटरवर गोळी 150 मिलिमीटर खाली लागते. तर माशी 2.4 मिलिमीटर कमी करायची. एकदम 2.4 न घासता दीडवर थांबून पुन्हा तीन गोळ्या झाडून बघतात, कारण घासलेले परत लावता येत नाही. डावी-उजवी चूक असेल तर माशी ठोकून सरकवतात, आणि ती चुकीच्याच बाजूला सरकवतात: गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडे.

एनफिल्डची मूळ माशी जवाच्या दाण्यासारखी, वर निमुळती. विदर्भातल्या दुपारच्या उन्हात तिचा चकाकणारा शेंडा दिसेनासा होतो आणि डोळा नकळत तिचा खालचा भाग नेमात घेतो. गोळी वर जाते. म्हणून ती दिव्याच्या काजळीने काळी करतात. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही एकदम स्पष्ट दिसणार नाहीत. माशी स्पष्ट दिसू द्यावी, लक्ष्य धूसर राहिले तरी चालते. आंतरराष्ट्रीय ठासणी नेमबाजीत फौजी रायफलीचा 100 मीटरचा प्रकार ‘मिनिए’ याच नावाने ओळखला जातो. 30 मिनिटांत 13 गोळ्या, त्यांतल्या चांगल्या दहा मोजायच्या. तिथे आधुनिक दुर्बीण किंवा वर्तुळाकार खाच लावून जाता येत नाही, नेम फौजी धाटणीचाच हवा.

भारतात अशी प्रतिकृती ‘शोभेची’ म्हणून सुटत नाही. नळीतून गोळी जात असेल तर ती शस्त्र अधिनियम, 1959 खाली येते आणि परवाना लागतो. दारू बाळगणे स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळे येते. त्याच अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे, आणि गावातल्या परवानाधारक भरमार त्याच आधारावर असतात. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. रानडुक्कर किंवा रोही मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. गावठी पाइपाची नळी लावून केलेली बिनपरवाना भरमार गुन्हा तर आहेच, शिवाय शिवणीवर फाटून झाडणाऱ्याचाच हात घेऊन जाते.

काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन मळ म्हणून उरतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर आणि हवेत ओल नाही, तेव्हा हा मळ विटेसारखा वाळतो आणि चौथी-पाचवी गोळी नळीत अडकू लागते. त्याच उन्हात निव्वळ चरबीचे वंगण खिशातच वितळून दारूत उतरते. म्हणून उन्हाळ्यात वंगणात मधमाशीच्या मेणाचा भाग वाढवतात. मेण साठ अंशांच्या पुढे वितळते. जवसाचे तेल विदर्भात घरोघरी असे. ते अक्रोडाच्या दस्त्याला उत्तम, पण नळीत नको, कारण ते सुकून चिकट पापुद्रा धरते. पावसाळ्यात उलट. मळ मऊ राहतो, गोळी सुखाने उतरते, पण तोच मळ हवेतली ओल ओढून रातोरात लोखंड खातो. पेट्रोल-डिझेलने तो निघत नाही, पाण्याने निघतो. कढत पाणी नळीतून सोडायचे, काळे जाऊन स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडी चिंधी, मग तेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरी चिंधी पुन्हा आत फिरवायची. तिच्यावर तांबूस डाग आला तर रात्रीचे काम अर्धवट झाले होते.