पडद्यावरील रंगविरोध

संगणक, मोबाइल किंवा तत्सम पडद्यावरील मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाला रंगविरोध म्हणतात. नावात रंग असला, तरी मोजमापात रंगछटेला थेट स्थान नाही; मोजली जाते ती दीप्ती, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजळपणा. पिवळा व पांढरा हे रंग लहान मूलही वेगळे ओळखते, पण पांढऱ्यावर पिवळ्याने लिहिलेली ओळ वाचवत नाही. शुद्ध पिवळ्याची दीप्ती पांढऱ्याच्या सुमारे ९३ टक्के असते, हे त्याचे कारण.

अक्षराची कड, कान्याची रेघ असे बारीक तपशील डोळा मुख्यतः दीप्तीतील फरकावरून टिपतो. नुसत्या रंगछटेतील फरक त्याला ढोबळपणेच दिसतो. निळ्याला संवेदनशील शंकू पेशी (रंग ओळखणाऱ्या दृष्टिपेशी) आधीच थोड्या, आणि दृष्टिकेंद्राच्या अगदी मध्यभागी त्या जवळजवळ नसतात. म्हणून काळ्यावर लिहिलेला बारीक निळा मजकूर विरून जातो. तोच निळा पांढऱ्यावर उत्तम वाचता येतो, कारण तेथे तो केवळ ‘गडद’ म्हणून काम करतो. तांबडा व निळा शेजारी आले, तर डोळ्यातील भिंगाच्या वर्णविपथनामुळे (निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकवटल्यामुळे) दोन्ही एकाच वेळी नेमके केंद्रित होत नाहीत आणि एक रंग पुढे, दुसरा मागे असल्याचा भास होतो. या भासाची मीमांसा विलेम आइंटहोव्हेन यांनी १८८५ मध्ये केली. हृदयविद्युत् आलेखासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच.

छापील मजकुराबाबत माइल्स टिंकर व डोनल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये वाचनवेगाचे प्रयोग केले. वाचनीयता रंगावर नव्हे, तर कागद व शाई यांच्या उजळपणातील अंतरावर अवलंबून असते, हा त्यांचा निष्कर्ष पडद्यालाही बव्हंशी लागू पडला.

काळ्या पार्श्वभूमीचा उगम : सुरुवातीच्या संगणकांवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे का असत, याविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की हिरवा रंग डोळ्याला सुखावतो म्हणून तो मुद्दाम निवडला गेला. उजेडातील दृष्टी सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे पिवळसर हिरव्याला, सर्वाधिक संवेदनशील असते, असा दाखला त्यासाठी देतात. दुसऱ्या मतानुसार हा प्रश्न उपलब्ध फॉस्फरचा, म्हणजे पडद्याच्या काचेवरील चकाकणाऱ्या लेपाचा होता. जस्ताच्या सिलिकेटापासून बनलेला हिरवा फॉस्फर दोलनदर्शकांच्या (ऑसिलोस्कोपच्या) नळ्यांत आधीपासून रुळलेला होता. शिवाय काही हिरव्या फॉस्फरांची चकाकी रेंगाळत असल्याने पडद्याची लुकलुक झाकली जाई. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या एकरंगी पडद्यात असाच रेंगाळणारा फॉस्फर होता आणि त्यावरील चित्र सेकंदाला ५० वेळाच नव्याने रेखले जाई. मोठे उजळ क्षेत्र लुकलुकताना चटकन जाणवते, म्हणून पार्श्वभूमी काळी ठेवणेही सोयीचे होते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डोळ्यांच्या आरामाचे कारण बहुधा मागाहून जोडले गेले असावे. कागदासारखा पांढरा पडदा झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्राने १९७३ मध्ये ‘अल्टो’ संगणकात वापरला. सर्वसामान्यांपर्यंत तो पोचला मुख्यतः १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे.

मापन : वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियम या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतील (अपंगांसह सर्वांना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीची तत्त्वे; आवृत्ती २.०) सूत्र आज सर्वत्र वापरतात. पांढऱ्याची दीप्ती १ धरल्यास शुद्ध तांबड्याची ०.२१२६, हिरव्याची ०.७१५२ आणि निळ्याची ०.०७२२ भरते. दोन्ही रंगांच्या दीप्तीत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले, की गुणोत्तर मिळते. हे ०.०५ म्हणजे आजूबाजूच्या उजेडाची पडद्यावर येणारी झाक. काळा व पांढरा यांचे गुणोत्तर २१ येते, पांढऱ्यावरील शुद्ध तांबड्याचे जेमतेम ४, तर शुद्ध हिरव्याचे १.३७.

सूत्रात एक जुनी गफलत होती. अगदी गडद छटांसाठी वेगळे गणित जेथे सुरू होते, ती सीमा मूळ दस्तऐवजात ०.०३९२८ दिली होती. रंगप्रणालीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ती ०.०४०४५ आहे. यावर बरीच शाई खर्ची पडली असली, तरी रंगघटकांच्या ० ते २५५ या नेहमीच्या श्रेणीत दोन्ही सीमा १० व ११ यांच्या मधेच पडतात, त्यामुळे उत्तरात फरक पडत नाही.

साध्या मजकुरासाठी किमान ४.५ हे गुणोत्तर कसे ठरले, हे अधिक महत्त्वाचे. जुन्या मानकांनी सामान्य दृष्टीसाठी ३ पुरेसे मानले होते. वयाच्या ऐंशीच्या आसपास दृष्टी साधारणपणे ६/१२ वर (निकोप डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारे ६ मीटरवरून दिसण्याइतकी) येते असे धरून त्याला दीडपट केले गेले. ६/२४ दृष्टीसाठी ७ ठरले. पांढऱ्यावरील करडा रंग घेतला, तर तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही घटक ११८ असताना गुणोत्तर ४.५४ येते, ११९ केले की ४.४८, म्हणजे नापास. नुसत्या डोळ्याला हा भेद दिसणे अवघडच.

मजकूर व पार्श्वभूमीची अदलाबदल केली तरी सूत्र तेच उत्तर देते आणि गडद जोड्यांना वाजवीपेक्षा जास्त गुण देते, असा आक्षेप आहे. अँड्र्यू सॉमर्स यांनी मांडलेली पर्यायी पद्धत अदलाबदल, अक्षराचा आकार व जाडी यांचा विचार करते. मार्गदर्शक तत्त्वांच्या आवृत्ती ३ च्या २०२१ मधील मसुद्यात ती होती. पुढे वगळण्यात आली.

उजळ की गडद : ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील आक्सेल बुखनर व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत उजळ पार्श्वभूमीवरील गडद मजकूर तरुण व वृद्ध दोघांनाही अधिक अचूक वाचता आला. उजेडाने बाहुली आकुंचन पावते, गोलीय विपथन (भिंगाच्या कडेच्या किरणांमुळे येणारा धूसरपणा) घटते व प्रतिमा रेखीव होते. मात्र मोतीबिंदूसारख्या कारणाने डोळ्यातील माध्यम धूसर झालेल्यांना उलट मांडणी सोयीची पडते, असे गॉर्डन लेग यांच्या १९८५ मधील संशोधनात दिसले. २०१८-१९ पासून प्रमुख प्रचालन प्रणालींत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) गडद मांडणीची सोय आली. तिने ओएलईडी पडद्याची (ज्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो) वीज वाचते हे खरे, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील मापनानुसार नेहमीच्या ३० ते ५० टक्के उजळपणाला ही बचत ३ ते ९ टक्केच असते. गडद मांडणीत निखळ काळ्याऐवजी तिन्ही घटक १८ असलेला करडा वापरावा, असे गूगलची आखणी प्रणाली सुचवते. त्यावर पांढऱ्याचे गुणोत्तर तरीही १८.७ भरते.

भारतात सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. त्यांच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीने वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियमच्या तत्त्वांची २.१ आवृत्ती आधारभूत मानली.

देवनागरी : कॉन्सॉर्टियमच्या तत्त्वांनुसार १८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट, मजकूर ‘मोठा’ गणून त्याला ३ या गुणोत्तराची सवलत मिळते. या व्याख्येत चिनी, जपानी व कोरियन लिप्यांसाठी समतुल्य आकाराची तरतूद आहे. देवनागरीचा उल्लेख नाही. शिरोरेषेच्या वर-खाली मात्रा व उकार यांना जागा द्यावी लागत असल्याने त्याच पॉइंटात देवनागरीचे मूळ अक्षर बरेचदा लहान पडते. बारीक रेघांच्या कडा पडदा पार्श्वभूमीत मिसळतो, त्यामुळे प्रत्यक्ष दिसणारा रंग निवडलेल्या रंगापेक्षा फिका असतो. याचा पहिला फटका अनुस्वाराला बसतो, आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. ठळक टंकाने टिंब वाचते, पण ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात.