म्यानातल्या धाकट्या पात्याची परीक्षा

नेपाळी खुकरीच्या म्यानाला मागून दोन छोटे कप्पे असतात. एकात कर्द, दुसऱ्यात चकमक. कर्द म्हणजे सोलायला-तासायला लागणारी छोटी सुरी. चकमक तिच्याच अंगलटीची, पण बोथट. तिने खुकरीची दुमडलेली धार सरळ करायची आणि गारगोटीवर घासून ठिणगी पाडायची. आपल्याकडे चकमक म्हटलं की दगड आठवतो. तिथे हे नाव पोलादाला मिळालं आहे.

कर्द किती दणकट आहे हे बघायला हौशी लोक ती खिळ्यावर हाणतात. मला हा प्रकार पटत नाही. खिळे तोडणं हे तिचं कामच नाही, आणि त्यातून तिच्या टिकाऊपणाबद्दल फारसं काही कळतही नाही. कारण ‘मजबुती’ हा एक गुण नव्हे. पोलाद कठीण असलं तर धार टिकते. चिवट असलं तर पातं तुटत नाही. पण कठीणपणा वाढवला की चिवटपणा घटतो. काच कठीण असतेच की!

यावरचा तोडगा पूर्व नेपाळातल्या भोजपूरसारख्या भागातले कामी जातीचे लोहार एका किटलीने काढतात. पोलाद बहुतेक वेळा भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के. (आपल्या गावातला कोयताही अनेकदा याच पाट्यातून निघतो.) पातं लालबुंद तापवायचं आणि किटलीच्या तोटीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडायची. तापलेल्या लोखंडात विरघळलेल्या कार्बनच्या अणूंना एवढ्या झटपट थंडीत बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते जागच्या जागी अडकतात, स्फटिकांची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. पाठ मात्र सावकाश थंड होते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. शिवाय पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि तिचा ठिसूळपणा थोडा कमी करते. लोहार ‘पाणी पाजणं’ म्हणतात, त्यात एवढं सगळं घडत असतं.

हे पाणी नीट बसलं का, ते कानस सांगते. धारेजवळ कानस घसरायला हवी, पाठीवर तिने लोखंड धरायला हवं. दोन्हीकडे सारखीच खरवडली तर कर्द शोभेची समजा. पर्यटकांसाठी बनवलेल्या खुकऱ्यांबरोबर अशा मऊ कर्दा पुष्कळ मिळतात. प्रयोगशाळेत हेच काम रॉकवेल यंत्र करतं: हिऱ्याचं टोक १५० किलो भाराने दाबायचं आणि खळगा किती खोल गेला ते मोजायचं. चकमकीची परीक्षा तर तिच्या कामातच आहे. गारगोटी पोलादाचे सूक्ष्म कण खरवडते, ते हवेत पेट घेतात, तीच ठिणगी. मऊ लोखंडातून ती जवळजवळ निघतच नाही.

पातं वाकवून बघताना एक गफलत हमखास होते. वाकायला जड म्हणजे उत्तम पोलाद, असं वाटतं. पण पोलादाची ताठरता पाणी पाजल्याने जवळपास बदलत नाही. ती पात्याच्या जाडीवर ठरते. जाडी दुप्पट, तर ताठरता आठपट. पाणी पाजण्याचा परिणाम दिसतो तो वाकवून सोडल्यावर: पातं सरळ झालं की वाकडंच राहिलं?

धार किती टिकते ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजता येतं. काट्यावर एक छोटी चौकट ठेवायची, तिच्यावर सुती दोरा ताणून बांधायचा, काटा शून्यावर आणायचा आणि कर्द सरळ खाली दाबायची. दोरा तुटताना दिसलेले ग्रॅम लिहून ठेवायचे. मग जाड पुठ्ठ्याचे पन्नास काप घेऊन पुन्हा मोजायचं. आकडा जितका कमी वाढेल, तितकी धार टिकाऊ.

एवढं करून कर्द दगा देते ती बहुधा मुठीपाशी. पात्याची निमुळती शेपटी लाकडी किंवा शिंगाच्या मुठीत लाखेने बसवलेली असते, आणि लाख ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. उकळत्या पाण्यात धुतलेली कर्द म्हणूनच डगडगू लागते. ती फेकू नये. शेपटी बेताने तापवावी, लाख पातळ झाली की पातं सरळ धरून दाबावं आणि थंड होईपर्यंत हलवू नये.