नळ बंद, तरी पंप चालू

माझी मावशी डोंबिवलीला सातव्या मजल्यावर राहते, अगदी गच्चीखाली. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. गच्चीवरची टाकी तिच्या शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बार. एवढ्यात डोक्यावरचा शॅम्पूसुद्धा नीट निघत नाही. म्हणून तिने प्रेशर पंप बसवून घेतला. नळ उघडला की दाब उतरतो, १.५ बारवर पंप सुरू होतो आणि २.५ वर बंद.

दोन वर्षं छान चाललं. मग एका रात्री सगळे नळ बंद असताना पंप घरघरला, क्षणभर. पावणेदोन मिनिटांनी पुन्हा. शेजारच्या काकूंनी दाराला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, प्लंबरने पंपच बदलायला सांगितलं. लिंबू-मिरचीने दाब वाढत नाही, आणि नवा पंपही त्याच रात्री तसाच घरघरला असता. पंप बिघडलेला नव्हताच. दाब उतरला की सुरू व्हायचं हे त्याचं कामच. शोधायचं होतं ते दाब का उतरतोय याचं कारण.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. एक बार दाब वाढवला तर त्याचं आकारमान कमी होतं फक्त ०.००४५ टक्के. घरातल्या पाइपांत दहा लिटर पाणी धरा. दाब २.५ वरून १.५ वर यायला त्यातून किती पाणी बाहेर पडावं लागेल? अर्धा मिलिलिटर, म्हणजे नऊ-दहा थेंब! प्लॅस्टिकचे पाइप दाबाने किंचित फुगतात, त्यांचे आणखी काही मिलिलिटर. सगळं मिळून चमचाभर, पाच मिली. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर शंभर थेंबांत, शंभर सेकंदांत दाब तळाला. मावशीची पावणेदोन मिनिटं इथून आली.

मग पहिली दोन वर्षं पंप गप्प का होता? पंपाशेजारच्या निळ्या प्रेशर टाकीमुळे. तिच्यात रबराची पिशवी असते, पिशवीत पाणी आणि बाहेरून हवा. हवा स्प्रिंगसारखी दबते. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो: तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान स्थिर. फक्त इथे वातावरणाचा एक बार मिळवून दाब मोजायचा. टाकी २४ लिटरची, रिकामी असताना हवा १.३ बारला भरलेली, म्हणजे खरा दाब २.३. पंप सुरू होताना हवेचं आकारमान २४ × २.३ ÷ २.५, सुमारे २२ लिटर. बंद होताना २४ × २.३ ÷ ३.५, सुमारे १५.८. फरक सहा लिटरांहून थोडा जास्त. एवढं पाणी पंप न चालवता मिळतं. त्याच थेंबाला ते संपवायला ३५ तास लागतात. हवा असेल तर ३५ तास, नसेल तर शंभर सेकंद!

मावशीच्या टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे. टोपण काढून पिन दाबली, तर फुस्सही झालं नाही. हवा दोन वर्षांत हळूहळू निघून गेली होती. पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर पिशवी फाटली असं समजायचं.

गळती शोधायला आधी पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद केला. पंप गप्प झाला, म्हणजे दाब घरातच कुठेतरी जात होता. तरीही तो सुरू होत राहिला असता तर पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उलटं गच्चीवरच्या टाकीकडे जातंय असा संशय घेतला असता. तिथे बहुतेक वेळा कचऱ्याचा कण अडकलेला असतो. मग फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला. अर्ध्या तासात कमोडच्या पांढऱ्या भांड्यात गुलाबी रेघ उतरली. टाकीच्या तळाचं रबर कडक झालं होतं; तिथून झिरपलेलं पाणी भरून काढायला पाइपातलं पाणी टाकीत जात होतं.

गळती नसतानाही पंप सुरू होऊ शकतो. रात्री गिझर बंद केला आणि त्यातलं १५ लिटर पाणी ६० अंशांवरून पहाटेपर्यंत ४० वर आलं, तर ते सुमारे १३५ मिली आकसतं. ती जागा भरायला थंड पाणी आत ओढलं जातं. टाकीत हवा नसेल तर एवढ्याने पंप रात्रीत पंचवीसेक वेळा सुरू होईल.

हवा भरायच्या आधी पंपाचा स्विच बंद करून नळ उघडा, दाब पूर्ण उतरू द्या. नाहीतर गेज पाण्याचा दाब दाखवेल. मग सायकलच्या पंपाने, पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ बार कमी. मावशीकडे १.३ बार, पंक्चरवाल्याच्या गेजवर १९ पीएसआय. पण हे फ्लशचं रबर बदलल्यानंतरच केलं. आधी हवा भरली असती तर पंप दीड दिवसातून एकदाच वाजला असता, आणि गळतीकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं.