सूर्यकिरणजन्य त्वचाकर्करोग : वृद्धांतील प्रतिबंध (ग्रामीण विदर्भ)

उन्हातील जंबुपार (अतिनील) किरणांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग उतारवयात टाळणे किंवा लवकर ओळखणे, यासाठीचे उपाय. या किरणांनी पेशीतील डीएनएला झालेली इजा वर्षानुवर्षे साठत जाते. त्यामुळे रोग बहुधा साठीच्या आसपास व पुढे दिसतो. तरीही उशिरा सुरू केलेले संरक्षण वाया जात नाही. चाळिशीपुढील ऑस्ट्रेलियन लोकांवरील १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित सनस्क्रीनने कर्करोगपूर्व खरखरीत चट्टे कमी झाले.

ऊन व त्वचाकर्करोग यांचा संबंध प्रथम कोणी दाखवला, याविषयी मतभेद आहेत. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेतील बदल वर्णिले. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ द्युब्रेय यांनी त्याच सुमारास बोर्दो परिसरातील द्राक्षमळ्यांत राबणारे व शहरवासी यांच्यातील फरक नोंदवला. शेतकामाशी थेट संबंध जोडणारे म्हणून दुसरे निरीक्षण येथे अधिक महत्त्वाचे वाटते. ब्रिटिश संशोधक फिंडले यांनी १९२८ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने जंबुपार किरण हे कारण असल्याचे दाखवले. सावळ्या त्वचेत उन्हाचा वाटा किती, हा खरा वाद आहे. मेलॅनिन या त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे भारतीयांत हा रोग गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी आढळतो. भारतीय संशोधक खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये वर्णिलेला ‘धोती कर्करोग’ कमरेच्या झाकलेल्या भागावर, कापडाच्या सततच्या घर्षणाने होतो. सावळ्या त्वचेवरील मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) पुष्कळदा तळपायावर दिसतो. त्याचाही उन्हाशी संबंध मानत नाहीत. जळाल्याचा जुना व्रण किंवा वर्षानुवर्षे न भरलेली जखम यांतूनही स्क्वॅमस सेल (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा) कर्करोग उद्भवतो. तेव्हा ऊन हे येथे अनेक कारणांपैकी एक मानणे योग्य. मात्र चेहरा, कान व खालचा ओठ यांच्याबाबत त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

विदर्भात ऊन टाळण्याची रीत जुनी आहे, पण ती उष्म्यावर बेतलेली आहे. मे महिन्यात माणसे पहाटेच वावरात जातात व ऊन चढले की घरी परततात. पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वाधिक चढतो. जंबुपार किरण मात्र सूर्य डोक्यावर असताना, नागपूरकडे बारा-सव्वाबाराच्या सुमारास, सर्वांत तीव्र असतात. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारीही त्यांची तीव्रता मोजणारा अतिनील निर्देशांक, ज्यापुढे संरक्षणाची शिफारस आहे त्या ३ या पातळीच्या वर जातो. कापूस वेचणी नेमकी याच दिवसांत, भर दुपारी चालते. हवा गार असल्याने ऊन लागत नाही असे वाटते.

पदर किंवा दुपट्टा डोके झाकतो. वेचणाऱ्या बाईचा पदर कपाळापर्यंत येतो, तरी नाक, खालचा ओठ व हातांची पाठ उघडी राहते. गांधी टोपीखाली कान व मान उघडी राहते. टक्कल असलेल्या वृद्धाने ती काढून शेळ्यांमागे दिवस काढला, तर टाळूलाही धोका असतो. घट्ट विणीचे, गडद, कोरडे कापड अधिक किरण अडवते. गारव्यासाठी ओला केलेला विरळ पांढरा सुती दुपट्टा कमी अडवतो, तेव्हा तो दुहेरी घ्यावा. रुंद काठाची टोपी, लांब बाह्या आणि जेवणाला धुऱ्यावरच्या झाडाची दाट सावली, हे उपाय परवडणारे आहेत. सनस्क्रीन महाग पडते व दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. सावळ्या त्वचेत त्याने कर्करोग टळतो याचा पुरावाही तोकडा आहे. जन्मजात वर्णहीनता (आल्बिनिझम) असलेल्यांना मात्र ते बालपणापासूनच आवश्यक आहे. त्यांच्यात रोग तरुणपणीही होतो.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा धरणारी व रक्त येणारी खपली, ओठावरचा पांढुरका कडक चट्टा किंवा जुन्या व्रणात उठलेली गाठ दिसल्यास तुकडा काढून तपासणी करावी. अशी जखम दुखत नाही म्हणून घरी हळद-चुना लावत थांबले जाते. याच विलंबात लहान शस्त्रक्रियेने बरा होणारा रोग खोल जातो. नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, तेथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था येथे तपासणी व उपचार होतात.