पगार मागे ठेवण्याची जुनी रीत: नोकरी सोडताना किमान वेतनाचा हिशेब

‘हिशेब पुढच्या महिन्यात बघू.’ मुंबईत नोकरी सोडणाऱ्या कामगाराला हे वाक्य आजही ऐकावं लागतं. हॉटेलातला वेटर असो, औद्योगिक गाळ्यातला हेल्पर असो, टॉवरमधली हाउसकीपिंगची बाई असो, उत्तर तेच. मागचा एक महिना आणि चालू महिन्याचे दहा-पंधरा दिवस शेठकडे अडकलेले असतात. ही थकबाकी डोळ्यांना दिसते. तिच्याखाली दुसरी असते, जिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही: दर महिन्याला किमान वेतनापेक्षा जेवढे कमी हातात पडले, ते पैसे. बहुतेक प्रकरणांत ही दुसरी रक्कमच मोठी निघते. आज मागणी कुठे करायची आणि किती करायची, हे नीट कळायचं तर या दोन्ही थकबाक्या कुठून आल्या ते पाहावं लागतं.

पगार मागे ठेवणं ही गिरण्यांच्या काळापासूनची रीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली गिरणी कामगारांनी सरकारपुढे मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या सगळ्यांना आठवणाऱ्या मागण्या. त्याच यादीत आणखी एक होती: या महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत तरी मिळावा. मागणीच पंधराव्या तारखेची, म्हणजे प्रत्यक्षात पगार किती लांबत असेल याचा अंदाज यावा. महिना भरल्यावरही दोन आठवडे पैसे मालकाच्या ताब्यात राहायचे, आणि महिनाभर आधी नोटीस न देता काम सोडलं तर ते जप्त, असा गिरण्यांचा नियम. त्यात डबल खाडा: एक दिवस दांडी मारली की दोन दिवसांचा पगार कापायचा. मागे ठेवलेला पगार हा कामगाराला जागेवर बांधून ठेवणारा दोर होता, आणि आजचा ‘पुढच्या महिन्यात बघू’ त्याच दोराचं टोक आहे.

त्याही आधी काम सोडणं हाच गुन्हा ठरत होता. 1859 चा कामगारांच्या करारभंगाचा कायदा मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही इलाखा शहरांत लागू होता. उचल घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला मॅजिस्ट्रेट तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात धाडू शकत असे. हा कायदा 1925 साली रद्द झाला. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने संपात बंद राहिल्या, आणि पुढच्याच वर्षी कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनने (अध्यक्षांच्या नावावरून ते व्हिटली कमिशन म्हणून ओळखलं जातं) दंड, कपात आणि उशिरा मिळणारा पगार यांवर कायद्याने बंधन घालावं असं सुचवलं.

त्यातून 1936 चा वेतन प्रदान कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर 7 तारखेपर्यंत आणि जास्त असतील तर 10 तारखेपर्यंत पगार द्यायचा. कपात फक्त कायद्यातल्या यादीप्रमाणे. सुरुवातीला तो कारखाने आणि रेल्वेतल्या, महिना 200 रुपयांपेक्षा कमी कमावणाऱ्यांपुरता होता. ही मर्यादा वाढत वाढत 2017 साली 24,000 वर गेली. मालकांची भीतीही त्यात जागा करून बसली: दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. ही तरतूद पुढे 2019 च्या वेतन संहितेतही (तिच्याविषयी पुढे येईल) राहिली.

1936 च्या या कायद्यातलं एक वाक्य नोकरी सोडणाऱ्यांना जवळपास नव्वद वर्षं भोवलं. मालकाने कामावरून काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसाआत हिशेब चुकता करायचा, असं त्यात होतं. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचा उल्लेख नव्हता. त्याने नेहमीच्या पगाराच्या तारखेची वाट पाहायची. म्हणून ‘तू स्वतः सोडलंस ना, मग थांब’ या उत्तराला कायद्याचाच थोडा आधार मिळत राहिला.

किमान वेतनाची कहाणी वेगळी. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ अनुसूचीत, म्हणजे तो ज्या कामांना लागू त्या यादीत, सूतगिरण्या नव्हत्याच. तिथे संघटना होत्या, भांडून दर ठरवायची ताकद होती. कायदा आला तो विडी, चामडे, तेलघाणे, खडी फोडणं, बांधकाम, शेती अशा कामांसाठी, जिथे भांडायला कोणी नव्हतं. पुढे राज्यांनी दुकानं, हॉटेलं असे रोजगार अनुसूचीत घातले. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने दर कसा काढायचा ते सांगितलं: प्रौढ माणसाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाची तीन उपभोग एककं (म्हणजे तीन प्रौढांएवढा खप), चौघांना वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडं, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेसाठी 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं.

दर पोटाच्या हिशेबावरून काढलेला आहे, म्हणून तो सौद्याचा विषय होत नाही. त्याहून कमी पगाराला कामगाराने सही करून संमती दिली असली तरी तेवढ्यापुरता करार शून्य, असं 1948 च्या कायद्यात होतं आणि आजही आहे. ‘धंद्याला परवडत नाही’ या बचावाला सर्वोच्च न्यायालयाने 1950 च्या दशकातच दार बंद केलं. 1982 मध्ये, आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम 23 मधली वेठबिगार, असंही न्यायालयाने सांगितलं. नोकरी सोडताना ‘फुल अँड फायनल, काही येणं नाही’ अशा व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टँप लावून सही केली म्हणून कित्येक जण हक्क सोडून देतात. त्या सहीने किमान वेतनाचा फरक माफ होत नाही. ती सही त्या दिवशी मिळालेल्या रकमेची पावती ठरते, इतकंच.

एवढा भक्कम हक्क असूनही पैसे का बुडत होते? मुख्य कारण मुदत. 1948 च्या कायद्याखाली दावा सहा महिन्यांत करायचा, आणि प्रत्येक महिन्याच्या पगाराची मुदत स्वतंत्र मोजली जायची. समजा लागू दर महिना 14,000 होता, हातात 11,000 मिळाले आणि काम 22 महिने केलं. फरक झाला 66,000. नोकरी सोडल्याबरोबर अर्ज केला तरी मुदतीत बसायचे शेवटचे सहा महिने, म्हणजे 18,000. उरलेल्यांसाठी उशिराचं सबळ कारण दाखवायचं. कामावर असताना अर्ज केला तर नोकरी जाणार, सोडल्यावर केला तर मुदत गेलेली. वेतन प्रदान कायद्याची मुदत 1964 च्या दुरुस्तीने बारा महिने झाली, पण अडचण सुटली नाही.

दुसरं कारण, दारं अनेक. 1969 साली अथणी नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फोड केली: दर कोणता यावरच वाद असेल तर किमान वेतन कायद्याखाली जायचं, दर मान्य आहे पण पैसे दिले नाहीत, तर वेतन प्रदान कायद्याखाली किंवा औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33सी(2) खाली कामगार न्यायालयात. या शेवटच्या दाराला मुदतीची अट लागत नाही, असंही तिथे ठरलं. वकिलांना हे ठाऊक होतं. गाळ्यातल्या हेल्परला कोण सांगणार? चुकीच्या दारात दोन वर्षं गेली आणि अर्ज ‘अधिकारक्षेत्र नाही’ म्हणून परत आला, हे सर्रास घडायचं.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आणि किमान वेतन व वेतन प्रदान या दोन्ही कायद्यांची जागा तिने घेतली. नोकरी सोडणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातले बदल मोठे आहेत. काढलं असो, नोकरकपातीत गेलं असो, आस्थापना बंद पडली असो किंवा राजीनामा दिला असो, हिशेब दोन कामाच्या दिवसांत. 1936 मध्ये राहिलेली फट अशी बुजली. दावा करायची मुदत तीन वर्षं. भरपाई मागणीच्या दहा पटींपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे, किती द्यायची ते दावा ऐकणारा सरकारी प्राधिकारी ठरवतो, म्हणून दहापट गृहीत धरून कोणी कर्ज काढू नये. पैसे दिले हे सिद्ध करायचा भार मालकावर. कमी पगार देणाऱ्याला पूर्वी दंड होता 500 रुपयांपर्यंत. आता तो 50,000 पर्यंत आहे. 21 नोव्हेंबर 2025 आधीच्या महिन्यांची थकबाकी असेल तर त्या महिन्यांचा तक्ता वेगळा करावा आणि उशिराचं कारण अर्जातच लिहावं, म्हणजे मुदतीचा आक्षेप आला तरी अख्खा दावा अडकत नाही.

तक्ता करताना लोक जिथे चुकतात ती जागा म्हणजे विशेष भत्ता. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात: मूळ दर, जो कित्येक वर्षं तोच राहतो, आणि ग्राहक किंमत निर्देशांकावरून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता. मालक नोकरीवर घेतानाचा आकडा धरून बसतो आणि फरक सहामाहीगणिक वाढत जातो. म्हणून सगळ्या काळाला एकच दर लावू नये. सहामाहीचे तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकड्यासमोर रोजगाराचं नाव, परिमंडळ (दर ज्या भागानुसार ठरतो तो भाग; मुंबई परिमंडळ एकमध्ये येते), कुशल, अर्धकुशल की अकुशल, लागू दर, मिळालेली रक्कम आणि फरक लिहावा. वर्गवारी नावावरून ठरत नाही, कामावरून ठरते. कागदावर ‘हेल्पर’ आणि हातात लेथ असेल तर तसं लिहावं.

ओव्हरटाइम तर बहुतेक तक्त्यांत नसतोच. महिन्याचे कामाचे दिवस 26, तास 8, म्हणजे 208 तास. रोज 10 तास काम केलं तर महिन्याला 52 तास जादा, आणि त्यांचा दर दुप्पट. 14,000 ला 208 ने भागा, दुप्पट करा, 52 ने गुणा: बरोबर 7,000 येतात. वर मोजलेला मासिक फरक 3,000 होता. दिवसाचे दोन तास त्याच्या दुपटीहून जास्त निघाले.

पुरावा बहुधा मोबाइलमध्येच असतो. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडून कामगाराच्या खात्यातली मासिक कपात पाहावी. ती 12 टक्के असते. तिथे 1,680 दिसत असतील तर मालकाने सरकारला 14,000 पगार दाखवला आहे. हातात 11,000 येत असतील तर मधले 3,000 कुठे गेले, याचं उत्तर आता मालकाने द्यायचं. काही ठिकाणी पूर्ण पगार बँकेत टाकून दुसऱ्या दिवशी 3,000 रोख परत मागतात. त्याचीही खूण उरते: दर महिन्याला पगार जमा झाल्यावर लगेच तेवढीच रक्कम एटीएममधून काढलेली, किंवा सुपरवायझरला यूपीआय केलेली. बारा महिन्यांचा असा ठसा तोंडी साक्षीहून बोलका असतो. हजेरीसाठी मस्टरचा फोटो, बायोमेट्रिकचे मेसेज, ड्युटी लावणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपची निर्यात करून ठेवलेली प्रत. हे सगळं राजीनामा द्यायच्या आधी जमा करावं. नंतर ग्रुपमधून काढतात आणि गेटवर अडवतात.

राजीनामा लेखी, तारखेसह, पोच घेऊन. दोन कामाचे दिवस गेले की तक्ता जोडून मागणीपत्र स्पीड पोस्टने पाठवावं आणि पावती जपावी. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ती करावी, पण तिच्या भरवशावर दाव्याची तीन वर्षं घालवू नयेत. अधिकारी समजूत घालून काही प्रकरणं मिटवतो. आदेश हवा असेल तर प्राधिकाऱ्यापुढे रीतसर अर्जच लागतो. अर्ज स्वतः, युनियनमार्फत किंवा निरीक्षकाकडून होऊ शकतो, आणि अनेक कामगारांचा एकत्रही चालतो.

हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीत एक अडचण नेहमीची. ठेकेदार पगार देतो आणि काम संपलं की गायब होतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मूळ मालकावर या पगाराची जबाबदारी आहे, आणि वेतन संहितेतही मालकाने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना त्याच्यावर ती येते. म्हणून सोसायटी, मॉल, हॉस्पिटल, जिथे प्रत्यक्ष काम केलं, त्यांना पहिल्याच अर्जात पक्षकार करावं. (माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने 1969 साली मंडळं उभारली आणि पगार मालकाच्या हातून काढून मंडळामार्फत द्यायची सोय केली. मागे ठेवलेल्या पगाराच्या रोगावर या राज्याने काढलेला तो सर्वात समंजस उपाय, असं आमचं मत आहे.)

आदेश मिळाल्यावरही पैसे आले नाहीत तर प्राधिकारी वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला आस्थापनेच्या जिल्ह्यात जातो: कुलाब्याच्या दुकानाचा फोर्टात मुंबई शहरच्या जिल्हाधिकाऱ्याकडे, मालाडच्या गाळ्याचा वांद्र्यात उपनगरच्या. तिथे फायली पडून राहतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. एक, मालकाच्या मालमत्तेची माहिती कोणी दिलेली नसते. दुसरं, नावच चुकलेलं असतं. आदेशात पाटीवरचं नाव, आणि बँक खातं, गाळा, वीजबिल भलत्याच कंपनीच्या नावावर. दुकानात भिंतीवर गुमास्ता परवाना लावलेला असतो, त्यावर मालकाचं आणि आस्थापनेचं खरं नाव असतं. नोकरीत असतानाच त्याचा एक फोटो काढून ठेवावा, आणि पगार ज्या खात्यातून आला त्या खात्याचं नाव बँकेच्या नोंदीतून उतरवून घ्यावं. अर्जावर तीच नावं जशीच्या तशी लिहावीत.